ग्राफिक्स कार्ड हिशेबाला बसवताना

ग्राफिक्स कार्ड लावलं, प्रोग्राम त्यावर चालवला आणि तो आधीपेक्षा हळू झाला! हा अनुभव नवख्या माणसाला हमखास येतो, आणि दोष बहुतेक वेळा कार्डाचा नसतो. डेटा कार्डापर्यंत न्यायला आणि उत्तर परत आणायला किती वेळ जाईल, हे आधी कुणी मोजलेलंच नसतं. म्हणून या लेखात स्वतःचा कर्नल, म्हणजे कार्डावर चालणारं फंक्शन, लिहिण्याची पाळी बरीच उशिरा येईल. आधी वाहतूक.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कार्डाकडून गणित करून घ्यायचं तर गणिताला चित्राचं सोंग द्यावं लागे. आकड्यांचा तक्ता टेक्श्चर म्हणून कार्डाला द्यायचा, शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) चालवायचा आणि उमटलेल्या पिक्सेलमधून उत्तर वाचायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठात इयान बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ब्रुक नावाची भाषा मांडून हे सोंग बरंचसं उतरवलं. पुढे बक एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीत गेले. नोव्हेंबर 2006 मध्ये कंपनीने आपल्या कार्डांवर थेट गणित चालवण्यासाठी कूडा जाहीर केलं आणि 2007 मध्ये ते प्रोग्रामरांच्या हाती आलं. 2008 च्या अखेरीस ओपनसीएल हे सर्व कंपन्यांच्या कार्डांसाठीचं खुलं मानक आलं. 2012 मध्ये ॲलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क प्रत्येकी 3 जीबी मेमरीच्या दोन जीटीएक्स 580 कार्डांवर शिकवलं गेलं, आणि त्यानंतर कार्डांकडे निव्वळ खेळांची वस्तू म्हणून कुणी पाहिलं नाही.

पहिली पायरी: काम कार्डाजोगं आहे का ते बघा

प्रोग्रामला एकूण किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो वेळ नेमका कुठे जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यामुळे कार्डाला हात लावण्याआधी प्रोफायलर, म्हणजे कोडच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन, चालवा. पायथनमध्ये तो सोबतच मिळतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही. समजा 75 टक्के वेळ एका गणिती लूपमध्ये जातोय आणि उरलेला 25 टक्के फाइल वाचण्यात, मजकूर तोडण्यात, निकाल लिहिण्यात. तो लूप कार्डावर नेऊन शून्य सेकंदात उरकला तरी प्रोग्राम चौपटच वेगवान होणार, कारण उरलेला पाव भाग तसाच राहतो. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हा हिशेब आजही कुणाला चुकलेला नाही. लूपचा वाटा 95 टक्के असेल तर कमाल मर्यादा वीसपट. वेळ डिस्कवरून फाइल वाचण्यातच जात असेल तर कार्डाचा विचार इथेच सोडा आणि फाइलचा फॉरमॅट बदला. त्यात जास्त फायदा आहे.

आता लूपच्या आत डोकावा. एकच क्रिया लाखो आकड्यांवर करायची आहे आणि एका आकड्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही, असं असेल तर काम कार्डाजोगं आहे. मॅट्रिक्सचे गुणाकार, चित्रांवरचे फिल्टर, फूरिए रूपांतर, मॉन्टे कार्लो पद्धतीच्या चाचण्या, कणांच्या हालचालींचं सिम्युलेशन ही या जातीची कामं. उलट प्रत्येक टप्प्याला मागच्या टप्प्याचं उत्तर लागत असेल, किंवा डेटा लिंक्ड लिस्टसारखा मेमरीत विखुरलेला असेल, तर कार्ड अडखळतं. त्याचा एकेक धागा (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या असंख्य कामांपैकी एक) सीपीयूच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरच्या, एका कोअरपेक्षा बराच मंद असतो. सगळी मदार संख्येवर असते. हजारभर आकड्यांसाठी कार्ड जागं करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: वाहतुकीचा हिशेब कागदावर मांडा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

तीन आकडे लागतात: सीपीयू आणि रॅम यांच्यातला वेग, रॅम आणि कार्ड यांच्यातला वेग, आणि कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग. उदाहरणासाठी मध्यम कुवतीचं आरटीएक्स 3060 घेऊ. त्याची 12 जीबी मेमरी सेकंदाला 360 जीबी वेगाने वाचता-लिहिता येते. दोन चॅनेलवरची डीडीआर4-3200 रॅम कागदोपत्री सेकंदाला सुमारे 51 जीबी देते. आणि या दोघांना जोडणारा पीसीआय एक्स्प्रेस 4.0 चा सोळा लेनचा मार्ग एका दिशेने सुमारे 32 जीबी देऊ शकतो, प्रत्यक्षात 25 च्या आसपास मिळाले तरी चांगलं. म्हणजे तिघांत अरुंद बोळ कुठला, ते दिसलंच.

आता प्रत्येक ट्युटोरियलमध्ये असतं ते उदाहरण घेऊ: दोन अरेंची, म्हणजे आकड्यांच्या दोन रांगांची, बेरीज. प्रत्येकी 10 कोटी आकडे, प्रत्येक आकडा चार बाइटचा, म्हणजे एक अरे 400 एमबीचा. दोन अरे कार्डावर न्यायचे 800 एमबी, उत्तर परत आणायचं 400 एमबी. सेकंदाला 25 जीबी धरले तर नुसत्या ये-जा करण्यात 48 मिलिसेकंद गेले. कार्डावरची बेरीज साडेतीन मिलिसेकंदांत उरकते. आणि सीपीयूने हे काम जागच्या जागी केलं तर? त्यालाही तेवढाच 1.2 जीबी डेटा हलवायचा आहे, पण 51 च्या वेगाने, म्हणजे पंचवीस-तीस मिलिसेकंदांत खेळ खलास. कार्ड हरलं. शिकवण्यासाठी सर्वत्र वापरलं जाणारं उदाहरणच कार्डासाठी सगळ्यात वाईट आहे, याची मला गंमत वाटते.

आता 8192 बाय 8192 च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार बघा. हलवायचा डेटा तिन्ही मॅट्रिक्स मिळून सुमारे 800 एमबी, म्हणजे वरच्या बेरजेपेक्षाही कमी. पण गणिती क्रिया सुमारे 1.1 लाख कोटी. आरटीएक्स 3060 ची कागदोपत्री क्षमता सेकंदाला 12 लाख कोटींच्या वर आहे, म्हणजे काम एक दशांश सेकंदाच्या आसपास होतं आणि वाहतुकीचे 32 मिलिसेकंद त्यात फारसे खटकत नाहीत. आठ कोअरचा चांगला सीपीयू, तोही उत्तम लायब्ररी वापरून, याला सेकंदभर तरी घेतो.

दोन्हींतला फरक एका प्रश्नात मावतो: आणलेल्या प्रत्येक बाइटवर किती गणित होणार आहे? बेरजेत बारा बाइट हलवून एक क्रिया होते. गुणाकारात एका बाइटमागे हजारावर क्रिया होतात. तुमच्या कामासाठी हा भागाकार एकदा करा. उत्तर तुटपुंजं आलं तर दोनच मार्ग उरतात. एकतर डेटा एकदा कार्डावर नेऊन तिथेच त्यावर अनेक कामं उरका, नाहीतर सीपीयूवर समाधानी राहा.

जाहिरातींत दिसणाऱ्या शंभरपट वेगाबद्दलही इथेच बोलून घेऊ. 2010 मध्ये इंटेलच्या संशोधकांनी चौदा प्रकारची कामं घेतली, सीपीयूचा कोडही मन लावून सुधारला आणि मग तुलना केली. जीटीएक्स 280 हे कार्ड कोअर आय7-960 पेक्षा सरासरी अडीचपटच वेगवान भरलं. इंटेल सीपीयू विकते, तेव्हा त्यांचा स्वार्थ उघड आहे, आणि त्यानंतर कार्डंही फार पुढे गेली आहेत. तरी मुद्दा पटण्याजोगा आहे. शंभरपट म्हणणाऱ्याने बहुधा एकाच कोअरवर चालणाऱ्या ढिसाळ कोडशी तुलना केलेली असते.

तिसरी पायरी: आपल्या कार्डाची ओळख करून घ्या

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) ही आज्ञा चालवा. कार्डाचं नाव, एकूण आणि वापरातली मेमरी, तापमान, वीज, ड्रायव्हरची आवृत्ती सगळं एका तक्त्यात दिसतं. वरच्या कोपऱ्यात कूडाची एक आवृत्ती दिसते आणि तिच्यावरून फार घोळ होतात. ती आवृत्ती संगणकावर बसवलेल्या कूडाची नसते, हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या आवृत्तीपर्यंत चालवू शकतो ते ती सांगते. टूलकिट, म्हणजे कूडाचे प्रोग्राम बनवण्याचा संच, बसवलेलंच नसलं तरी ती दिसते.

एएमडीच्या कार्डांसाठी आरओसीएम हा संच 2016 पासून आहे. त्यातली हिप ही भाषा कूडाशी इतकी मिळतीजुळती आहे की बराचसा कोड आपोआप रूपांतरित होतो. मात्र घेण्याआधी तुमचं नेमकं मॉडेल त्यांच्या अधिकृत यादीत आहे का ते तपासा. ॲपलच्या चिपमध्ये सीपीयू आणि जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) एकच मेमरी वापरतात, त्यामुळे दुसऱ्या पायरीतला बोळ तिथे जवळजवळ नसतोच. पण पायटॉर्च या न्यूरल नेटवर्कसाठीच्या पायथन लायब्ररीच्या मेटल मार्गावर (म्हणजे ॲपलच्या जीपीयूवर) आठ बाइटचे दशांश आकडे चालत नाहीत. कार्डच नसेल तर गुगल कोलॅबमध्ये ब्राउझरमधून 16 जीबीचं टी4 कार्ड फुकट मिळू शकतं. मिळेलच अशी हमी नसते, सेशन मध्येच तुटतं, पण शिकायला तेवढं खूप झालं.

चौथी पायरी: सगळ्यात सोपा रस्ता निवडा

नवखे लोक थेट कूडा सी++ चं पुस्तक उघडतात. तसं करू नका.

आधी बघा की तुमचं काम करणारी लायब्ररी तयार आहे का. मॅट्रिक्ससाठी कूब्लास, फूरिए रूपांतरासाठी कूएफएफटी, तक्त्यांसाठी रॅपिड्स संचातलं कूडीएफ. यांच्यामागे तज्ज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, तुमचा पहिला कर्नल त्यांच्या जवळपासही पोचणार नाही. ते नसेल तर अरेच्या पातळीवरची लायब्ररी घ्या: कूपाय किंवा पायटॉर्च. कूपायची रचना नमपाय या पायथनच्या नेहमीच्या गणिती लायब्ररीसारखीच असल्याने बऱ्याचदा इम्पोर्टची ओळ बदलली की अर्धं काम होतं. त्यातही भागलं नाही तरच नंबा या पायथनच्या कंपाइलरमधून पायथनमध्ये कर्नल लिहा, आणि अगदी शेवटी कूडा सी++, हिप किंवा ओपनसीएल.

बसवताना स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. ड्रायव्हर मात्र संपूर्ण सिस्टिमसाठी एकच असतो, तो आधी नीट चालू द्या. पायटॉर्चची कूडासाठीची आवृत्ती पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) बसवली तर कूडाचे लागणारे भाग सोबत येतात, वेगळं टूलकिट लागत नाही. कूपायचं पॅकेज निवडताना त्याच्या नावातली कूडाची मुख्य आवृत्ती तुमच्या ड्रायव्हरला झेपणारी हवी. एएमडीवर पायटॉर्च वापरत असाल तर कोडमध्ये डिव्हाइसचं नाव कूडा असंच लिहायचं. विचित्र वाटतं, पण बरोबर आहे.

पाचवी पायरी: पहिला प्रोग्राम, आणि घड्याळ कसं लावायचं

कूपायमध्ये दोन मोठे मॅट्रिक्स कार्डावरच तयार करा, म्हणजे वाहतूक टळेल. त्यांचा गुणाकार करा आणि वेळ मोजा. पहिल्यांदा जो आकडा दिसेल त्यावर विश्वास ठेवू नका. तो खोटा असण्याची कारणं दोन, आणि ती विरुद्ध दिशांनी खोटं बोलतात.

पहिलं कारण, पहिल्या वेळी लायब्ररी लोड होते, कर्नल कंपाइल होतात, मेमरी राखून ठेवली जाते. त्यामुळे पहिली धाव विनाकारण लांबते. ती फेकून द्या, पुढच्या अनेक धावांचा मध्यक घ्या. दुसरं कारण जास्त फसवं आहे. सीपीयू कार्डाला काम सांगतो आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीवर जातो. तुम्ही लगेच घड्याळ थांबवलं तर काम सांगायला लागलेला वेळ मोजला जातो, काम करायला लागलेला नाही. अजस्र गुणाकार काही मायक्रोसेकंदांत झाला असं दिसलं की समजा हेच घडलंय. घड्याळ थांबवण्याआधी सिंक्रोनाइझचं फंक्शन बोलवा, किंवा कूपायमधलं बेंचमार्कचं तयार साधन वापरा. ते या दोन्ही गोष्टी सांभाळतं.

आणि तुलना करताना ये-जा धरून एक वेळ आणि न धरता एक वेळ, असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. यातला सोयीचा तेवढा सांगणारे लोक खूप भेटतील.

सहावी पायरी: डेटा कार्डावरच राहू द्या

प्रोग्राम चालतोय, पण अपेक्षेएवढा वेग नाही. आता चोरून होणारी वाहतूक शोधा. कार्डावरच्या अरेमधला एक आकडा प्रिंट केला, त्यावर इफची अट लावली, किंवा त्याचं साध्या पायथन आकड्यात रूपांतर केलं, की कार्डाला हातातलं काम संपवून तो आकडा सीपीयूकडे पाठवावा लागतो. तोवर सीपीयू ताटकळतो. लूपच्या प्रत्येक फेरीत प्रगती छापणारी एक निरुपद्रवी ओळ सगळा वेग खाऊ शकते. शंभर फेऱ्यांतून एकदा छापा.

दुसरी गळती म्हणजे छोटे छोटे कर्नल. एक कर्नल सुरू करायलाच काही मायक्रोसेकंद लागतात आणि पायथनचा भार वेगळा. अ गुणिले ब अधिक क असं लिहिलं की साधारणपणे दोन कर्नल चालतात: पहिला गुणाकार करून मधलं उत्तर मेमरीत लिहितो, दुसरा ते परत वाचून बेरीज करतो. मधली ती ये-जा फुकटची. कूपायमध्ये फ्यूजचं डेकोरेटर आणि पायटॉर्चमध्ये कंपाइलचं फंक्शन अशा क्रिया एकत्र करून एकच कर्नल बनवतात. वर मेमरीचा हिशेब केलाच आहे, त्यामुळे याचा फायदा का होतो ते वेगळं सांगायला नको.

मेमरी अपुरी पडल्याचा एरर आला तर डेटाचे तुकडे करून पाठवा. अरे डिलीट करूनही एनव्हिडिया-एसएमआयमध्ये मेमरी भरलेलीच दिसली तर घाबरू नका. कूपाय आणि पायटॉर्च दोन्ही सुटलेली मेमरी पुढच्या वापरासाठी स्वतःकडे धरून ठेवतात.

सातवी पायरी: आकड्यांची अचूकता ठरवा

नमपायमध्ये दशांश आकडे सहसा आठ बाइटचे असतात आणि कूपाय तीच सवय पुढे चालवतं. इथे मोठा खड्डा आहे. आरटीएक्स 3060 किंवा 3090 सारख्या घरगुती कार्डांवर आठ बाइटच्या गणिताचा वेग चार बाइटच्या गणिताच्या एक चौसष्टांश असतो. म्हणजे 3060 साठी सेकंदाला सुमारे 20 हजार कोटी क्रिया. आठ कोअरच्या आधुनिक सीपीयूची कागदोपत्री क्षमता याच्या दुप्पट असू शकते! एनव्हिडिया ए100 सारख्या डेटा सेंटरच्या कार्डांत हेच प्रमाण निम्मं असतं. त्यामुळे अरे बनवतानाच प्रकार चार बाइटचा द्या. मेमरीही निम्मी लागते.

पण किंमत मोजावी लागते. चार बाइटमध्ये जेमतेम सात सार्थ अंक मावतात, आणि 1,67,77,216 च्या पुढचे सगळे पूर्णांक अचूक साठवता येत नाहीत. त्या आकड्यात एक मिळवला तर तो तसाच राहतो. मोठ्या बेरजा, पैशांचे हिशेब, दीर्घकाळ चालणारी सिम्युलेशन यांत हे अंगाशी येतं. चित्रं आणि न्यूरल नेटवर्क यांना सहसा काही फरक पडत नाही, ती तर दोन बाइटवरही धावतात.

आठवी पायरी: गरज पडलीच तर स्वतःचा कर्नल

कर्नल म्हणजे एका धाग्याने काय करायचं त्याचं वर्णन. लूप तुम्ही लिहीत नाही. धागे ब्लॉकमध्ये असतात, ब्लॉक मिळून ग्रिड होतो आणि प्रत्येक धागा आपल्या ब्लॉकचा क्रमांक गुणिले ब्लॉकचा आकार अधिक ब्लॉकमधला आपला क्रमांक असा हिशेब करून आपला आकडा शोधतो. ब्लॉकमध्ये कमाल 1024 धागे चालतात. सुरुवातीला 256 घ्या, पुढे मोजून बदला. अरेची लांबी 256 ने निःशेष भागली जाईलच असं नाही, म्हणून क्रमांक लांबीच्या आत आहे का ही अट कर्नलच्या पहिल्याच ओळीत हवी. ती विसरली तर प्रोग्राम दुसऱ्याच्याच मेमरीत लिहितो आणि कधी कधी चक्क बरोबर उत्तर देतो, जे जास्त धोक्याचं.

एनव्हिडियाच्या कार्डावर 32 धाग्यांचा एक गट असतो, त्याला वॉर्प म्हणतात. एएमडीच्या जुन्या रचनेत आणि डेटा सेंटरच्या कार्डांत असा गट 64 चा असतो. वॉर्प म्हणजे एका हुकमावर पाऊल टाकणारी कवायतीची तुकडी. इफमुळे निम्मे धागे एका वाटेने आणि निम्मे दुसऱ्या वाटेने गेले, तर आधी एका वाटेचे धागे चालतात आणि बाकीचे उभे राहतात, मग उलट. दोन्ही वाटांचा वेळ लागतो. म्हणून अटी अशा रचा की शेजारचे धागे सहसा एकाच वाटेने जातील.

मेमरीचंही तसंच. शेजारच्या धाग्यांनी शेजारचे आकडे वाचले तर 32 धाग्यांचे चार-चार बाइट मिळून 128 बाइट सलग येतात. प्रत्येकाने लांबलांबच्या जागा वाचल्या तर तेवढ्याच आकड्यांसाठी कितीतरी पट डेटा ओढावा लागतो. ओळीने साठवलेला मॅट्रिक्स स्तंभाने वाचणं हे याचं नेहमीचं उदाहरण. मंद कर्नल हाती आला की मी गणिताकडे न बघता आधी हेच बघतो.

नववी पायरी: उत्तर तपासा

प्रत्येक टप्प्यावर छोट्या डेटावर सीपीयूचं आणि कार्डाचं उत्तर ताडून बघा. तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नका. दशांश आकड्यांच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात आणि कार्ड बेरीज वेगळ्या क्रमाने करतं. ॲटॉमिक बेरजा (अनेक धागे एकाच जागी एकामागून एक आकडे मिळवतात त्या) वापरल्या असतील तर तोच प्रोग्राम दोनदा चालवूनही किंचित वेगळी उत्तरं येऊ शकतात. चार बाइटच्या आकड्यांसाठी पाच-सहा सार्थ अंक जुळले तर साधारणपणे ठीक. तिसऱ्या-चौथ्या अंकातच फरक दिसला तर आकडे गोल होण्याला लगेच दोष देऊ नका, बहुधा कोडमध्ये चूक आहे.

विंडोजवर स्क्रीन त्याच कार्डाला जोडलेली असेल आणि एखादा कर्नल दोन सेकंदांहून जास्त चालला, तर कार्ड अडकलंय असं समजून सिस्टिम ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि तुमचा प्रोग्राम मरतो. कामाचे तुकडे करणं हा त्यावरचा सरळ उपाय. आणि लॅपटॉपवर पहिल्या मिनिटाचा वेग दहाव्या मिनिटाला टिकेलच असं नाही, कारण तापलं की कार्ड आपणहून मंदावतं. लांब चालणाऱ्या कामाचा अंदाज बांधायचा असेल तर एनव्हिडिया-एसएमआय दुसऱ्या खिडकीत चालू ठेवा आणि तापमान स्थिरावल्यानंतरचेच आकडे टिपा.